लाख विरघळते म्हणून

जुन्या लाकडी टेबलावर डाग दिसला की घरात पहिला उपाय सुचतो तो सगळं घासून काढण्याचा. ‘एकदाच काय ते घासून नवं पॉलिश करून घेऊ.’ मग कारागीर येतो, मशीन लावतो, दुपारपर्यंत गॅलरीभर पिवळसर भुसा उडतो आणि दोन दिवसांनी चकचकीत, सगळीकडून सारखं, कालच दुकानातून आलं असावं असं टेबल पुन्हा खोलीत उभं राहतं. डाग गेलेला असतो. त्याच्याबरोबर साठ-सत्तर वर्षांच्या उजेडाने लाकडाला चढलेला रंग गेलेला असतो आणि रंध्याने काढलेली कडेची नक्षी बोथट झालेली असते. हे पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं. जुन्याची माया हे त्याचं एक कारण आहेच, पण मोठं कारण निराळं आहे. पुष्कळदा ते घासकाम करायची गरजच नसते. डाग लाकडात नसतोच. तो वरच्या पॉलिशच्या थरात असतो, आणि तो थर काढून न टाकता आहे त्या जागी दुरुस्त करता येतो.

मी पॉलिशच्या धंद्यातली नाही. आजोळच्या घरातलं सामान वाटलं गेलं तेव्हा एक लिहायचं सागवानी टेबल, एक आरामखुर्ची आणि आरशाचं शिसवी कपाट माझ्या वाट्याला आलं. कोकणातून ते पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणलं आणि त्याची निगा शिकायची म्हणून मी एका वयस्कर पॉलिश मिस्त्रींच्या मागे लागले. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. हात चालू असताना चाचा एक शब्द बोलत नसत. चहाला थांबले की बोलत. ‘ताई, आधी त्याला विचारा तू कोण, मग हात लावा,’ हे त्यांच्याकडून ऐकलेलं पहिलं वाक्य. ‘त्याला’ म्हणजे पॉलिशला.

विचारायचं ते स्पिरिटने, म्हणजे पॉलिशसाठी वापरतात त्या मद्यार्काने. टेबलाच्या खालच्या अंगाला किंवा पायाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून टेकवून ठेवायचा आणि थोड्या वेळाने बोट लावून पाहायचं. पॉलिश मऊ पडलं, चिकट लागलं, कापसाला तपकिरी रंग आला, तर ते लाखेचं, म्हणजे आपण ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतो ते. स्पिरिटने काही झालं नाही तर शेजारी थिनर लावून पाहायचं. त्याने विरघळलं तर लॅकर. १९२० च्या दशकात मोटारींच्या रंगकामातून ज्याचा प्रसार झाला, ते नायट्रोसेल्युलोजचं. विरघळण्याऐवजी सुरकुत्या पडून वर उचललं गेलं तर तेलाचं व्हार्निश असण्याचा संभव जास्त. आणि दोन्हीने काहीच फरक पडला नाही, तर मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन, म्हणजे ज्याला सगळे ‘पीयू’ म्हणतात ते. स्वातंत्र्याच्या आगेमागे केलेल्या घरगुती सागवानी आणि शिसवी सामानावर माझ्या पाहण्यात तरी बहुतेक वेळा लाखच निघते. ही पाच मिनिटांची चौकशी कुणी करत नाही, आणि पुढचे सगळे घोटाळे इथून सुरू होतात. लाखेवर कुणी मेलामाइन मारतं, ते वर्षभरात पापुद्रे धरून सुटतं. तेलाच्या व्हार्निशवर कुणी थिनर घासत बसतं.

लाखेबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण ती आपल्याच जंगलातली वस्तू आहे आणि आपल्याला तिची ओळख उरलेली नाही. केरिया लॅका नावाचा एक बारीकसा किडा झाडाच्या कोवळ्या फांदीतला रस शोषतो आणि अंगाभोवती राळेचं कवच करतो. हजारो किडे शेजारी शेजारी बसलेले असतात, त्यांची कवचं एकमेकांत मिसळून फांदीवर जाड साल चढावी तसा थर होतो. पळस, बोर आणि कुसुम ही त्याची आवडती झाडं. पळसा-बोरावरच्या लाखेला रंगीनी म्हणतात, तिची कातकी आणि बैसाखी अशी दोन पिकं. कुसुमावरची ती कुसुमी, तिची पिकं अघनी आणि जेठवी. कुसुमी लाख रंगाने फिकी असते म्हणून तिला मान जास्त. झारखंड आणि छत्तीसगडचं नाव यात मोठं, पण आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडेही लाख होते. रांचीजवळ नामकुमला १९२४ साली लाखेवरच्या संशोधनासाठी संस्था सुरू झाली, ती नाव बदलून आजही काम करते आहे.

फांदीवरून खरवडलेली लाख दळून धुतात, की तिचा दाणा होतो. जुन्या पद्धतीत हा दाणा कापडाच्या लांबलचक पिशवीत भरून भट्टीसमोर धरत, पिशवी पिळत, वितळून बाहेर आलेली लाख गरम असतानाच हातापायांनी ताणून तिचा पातळ पापुद्रा करत. तो मोडला की चपडा. ताणण्याऐवजी गोल चकत्या पाडल्या की बटन लाख. लिटरभर स्पिरिटमध्ये सव्वाशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजवला की पातळ पॉलिश तयार होतं. चाचा हे प्रमाण वजनाने घेत नसत, बाटली तिरकी करून काचेवरून ओघळणारा रंग पाहत. मी वजनकाट्यावर घेते.

या लाखेला सहन न होणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसला ती वितळते आणि त्याच्या बरीच आधी मऊ पडते. आपल्याकडे उकळून गाळलेला चहा कपात पडतो तेव्हा याहून गरम असतो. लाक्षागृहाची गोष्ट ऐकत मोठं झालेल्या माणसांना लाख आणि आग यांचं नातं सांगायला नको. दुसरं म्हणजे मद्यार्क, कारण ती मद्यार्कातच विरघळवलेली असते. तिसरं म्हणजे खार. धुण्याचा सोडा, अमोनिया असलेलं काच पुसायचं पाणी, कडक साबण. एवढंच काय, माणसाच्या घामानेसुद्धा ती बिघडते. म्हणून लाख नाजूक म्हणून बदनाम झाली आणि मागे पडली. पण ती ज्या गुणाने बिघडते त्याच गुणाने सुधारते, हे त्या बदनामीत विसरलं गेलं. सुकलेली लाख स्पिरिट लागलं की पुन्हा ओली होते, पन्नास वर्षांपूर्वीची असली तरी बहुधा होतेच. नवा हात जुन्या थरावर बसत नाही, त्याच्यात मिसळतो. पीयूवर दुसरा हात मारला तर एकावर एक दोन कातडी तयार होतात, म्हणून आधी खरखरीत करून घ्यावं लागतं. लाखेचे दहा हात दिले तरी शेवटी कातडी एकच असते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पांढऱ्या कड्याचं उदाहरण घ्या. गरम कप ठेवला, उष्णतेने लाख मऊ झाली, कपाच्या बुडाशी अडकलेली वाफ तिच्यात शिरली आणि तिथेच राहिली. थरात सूक्ष्म पोकळ्या झाल्या, त्यांवरून उजेड विखुरतो म्हणून आपल्याला पांढरं दिसतं. खालचं लाकूड जसंच्या तसं आहे. ताजा डाग असेल तर आधी काही दिवस नुसतं थांबावं, कधीकधी ओल आपसूक निघून जाते. केस वाळवायच्या ड्रायरची मंद उष्ण हवा लांबून दिली तरी फरक पडतो. तेवढ्याने भागलं नाही तर स्पिरिट. धुतलेल्या जुन्या सुती धोतराच्या कापडात कापूस गुंडाळून बोळा करायचा, त्यावर स्पिरिटचे थेंब घ्यायचे आणि दुसऱ्या कापडावर दाबून जास्तीचं काढून टाकायचं. बोळा गालाजवळ नेला तर गारवा जाणवावा, ओल नाही. मग तो डागावरून हलकेच, सरळ, न थांबता सरकवायचा. विमान धावपट्टीला चाटून पुन्हा वर जातं तसा हात खाली यावा आणि थांबण्याआधी उचलला जावा. हात थांबला की कापड चिकटतं आणि थर ओरबाडला जातो. दोन-तीनदा फिरवून काही मिनिटं थांबायचं, पुन्हा फिरवायचं. वरची लाख क्षणभर मोकळी होते, अडकलेली ओल सुटते आणि लाख पुन्हा मिटते. डोळ्यांदेखत पांढरं कडं विरघळून खालचं तपकिरी लाकूड वर येताना पाहणं हा मला या सगळ्या कामातला सर्वांत मोठा आनंद वाटतो. एकाही पॉलिशपेपरला हात लावावा लागत नाही.

२०२० च्या मार्चनंतर डागांची एक नवी जात घरोघर आली. सॅनिटायझरच्या बाटल्या दारातल्या टेबलावर, देवघराच्या कट्ट्यावर, टीपॉयवर येऊन बसल्या. त्यात मद्यार्काचं प्रमाण ७० टक्के आणि त्याहून जास्त. थेंब पडेल तिथे लाख विरघळली, बाटलीच्या बुडाचे गोल उमटले. पुष्कळांनी ती टेबलं घासून घेतली. वास्तविक हा डाग मद्यार्कानेच झालेला आणि मद्यार्कानेच जाणारा. कडा पातळ लाखेने भरायच्या, सुकू द्यायचं, मग स्पिरिटच्या बोळ्याने सगळं एकजीव करायचं.

पावसाळ्यातली तक्रार याच्या शेजारची. जुलैत घर रंगवायला काढलंय, माणसं आलेलीच आहेत, तर कपाटाला पॉलिशही करून घेऊ, असं ठरतं. हात मारला तेव्हा छान दिसतं आणि तासाभरात सगळ्या पृष्ठभागावर दुधाळ सावट येतं. स्पिरिट उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेत ओल ठासून भरलेली असली की ती त्या गार जागेवर धरते. मुंबईत, कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता सरासरीच ८० टक्क्यांच्या पुढे असते, तिथे हे व्हायचंच. बाटलीचं झाकण उघडं राहिलेलं स्पिरिटही हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्या पॉलिशने उन्हाळ्यातसुद्धा असंच सावट येतं. उपाय तोच, कोरड्या हवेच्या दिवशी स्पिरिटचा हलका बोळा. खरा उपाय मात्र पावसाळ्यात काम न काढणं हा आहे. चाचा आषाढ-श्रावणात पॉलिशचं काम घेतच नसत. खुर्च्या विणून देत, बिजागऱ्या बदलून देत, आणि पॉलिशसाठी दिवाळीनंतरची तारीख देत. गिऱ्हाईक चिडायचं, दुसऱ्याकडे जायचं. चाचांनी नियम मोडल्याचं मला आठवत नाही.

पॉलिश सुकतच नाही, बोटाचे ठसे उमटत राहतात, ही तक्रार आली तर आधी बाटलीचं वय विचारावं. स्पिरिटमध्ये भिजवलेली लाख तशीच पडून राहिली तर हळूहळू दोघांची रासायनिक जोडी जमते आणि अशी लाख कधीच नीट कडक होत नाही. सहा महिने ही मी धरलेली मर्यादा. बाटलीवर तारखेची चिठ्ठी असतेच. शंका आली तर काचेवर एक थेंब टाकून रात्रभर ठेवायचा, सकाळी नखाने खरवडायचा. कुरकुरीत उडाला तर बाटली चांगली, नखाखाली गोळा झाला तर टाकून द्यायची. नवीन पॉलिश चिकट राहण्याची आणखी एक वाट म्हणजे तेल. बोळा सरकावा म्हणून पॉलिशवाले त्यावर तेलाचा थेंब घेतात. शेवटी स्पिरिटच्या बोळ्याने ते तेल वर ओढून काढायचं असतं. घाईत ते राहिलं की काही दिवसांनी पृष्ठभागावर धुकट चिकटपणा येतो.

जुन्या खुर्च्यांच्या हातांचा चिकटपणा मात्र वेगळा. आमच्या आरामखुर्चीचे हात काळपट, मेणचट झाले होते, आणि डोकं टेकायच्या पट्टीवर खोबरेलाचा थर होता. पाहणाऱ्याला वाटावं की लाकूडच कुजलं आहे. घाम, त्वचेचं तेल, धूळ आणि त्यांनी मऊ झालेली लाख असं ते मिश्रण असतं. यावर नवीन काहीही मारलं तरी धरत नाही. आधी टर्पेंटाइनने पुसायचं, त्याने तेल आणि मेण निघतं आणि लाखेला धक्का लागत नाही. मग कोमट पाण्यात अगदी सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, घट्ट पिळलेल्या कापडाने, आणि लगेच कोरड्या कापडाने. कापड काळं होत जातं, लाकडाचे रेषे दिसू लागतात. त्या खुर्चीच्या हातांवरची लाख घामाने पार खाल्लेली होती, तिथे ती काढून नवीन चढवावी लागली. बाकीच्या खुर्चीला स्वच्छ करून दोन पातळ हात पुरले.

पॉलिशला मगरीच्या पाठीसारखे तडे गेलेले असतात तेव्हा तर सगळेच ‘हे काढावंच लागणार’ म्हणतात. वर्षानुवर्षं लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि म्हातारी लाख त्याच्याबरोबर हलू शकत नाही. उन्हाच्या खिडकीशी असलेल्या सामानाला हे लवकर होतं. पृष्ठभाग आडवा ठेवता येत असेल तर मऊ ब्रशने त्यावर सढळ हाताने स्पिरिट सोडायचं आणि मागे व्हायचं. तडे मऊ होतात, कडा वाहून एकमेकींना मिळतात. एका फेरीत सगळं होत नाही. एक फेरी झाली की सुकू द्यायचं, मग पुन्हा. या कामात खोलीत दिवा, उदबत्ती, गॅस काहीही पेटलेलं नको आणि खिडक्या उघड्या हव्यात. आपल्याकडचं स्पिरिट पिण्यात येऊ नये म्हणून विषारी केलेलं असतं, त्याची वाफ छातीत भरून घ्यायची वस्तू नाही.

आता काळा डाग. इथे माझा सूर बदलतो, कारण हा डाग खरोखरच लाकडात असतो. टेबलावर वर्षानुवर्षं लोखंडी ट्रंक होती, तिच्या कोपऱ्याखाली पाणी साचलं. किंवा खिळ्याभोवती ओल धरली. लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य, लोखंड आणि पाणी यांचा संयोग झाला की निळसर काळा रंग तयार होतो. हिरडा किंवा माजूफळ आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई करत, ती याच संयोगाने काळी होई, म्हणजे डाग नव्हे, टेबलावर शाईच बनलेली असते. ती स्पिरिटने हलत नाही आणि घासून काढू म्हटलं तर खोल खड्डा पडतो. त्यावर ऑक्झॅलिक आम्ल हा उपाय आहे. अळू घशाला खाजतं ते याच आम्लाच्या कॅल्शियम क्षाराच्या सुयांमुळे. आधी त्या फळीवरचं पॉलिश पूर्ण काढायचं, कारण आम्ल लाकडापर्यंत पोचलं पाहिजे. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात गरम पाण्यात स्फटिक विरघळतील तेवढे विरघळवायचे. लोखंडी भांडं आणि तारेचा ब्रश अजिबात नाही. मग द्रावण नुसत्या डागावर न लावता सबंध फळीवर लावायचं, नाहीतर काळ्या डागाच्या जागी पांढुरका डाग मिळतो. रात्रभर सुकलं की वर स्फटिकांची पूड येते. ती कोरडी झाडायची नाही, पॉलिशपेपरने उडवायची नाही. विषारी आहे, नाकात गेली की श्वासनलिका होरपळते. हातमोजे घालून स्वच्छ पाण्याने पुसून काढायची, पुन्हा पाणी बदलून, पुन्हा. माझ्या टेबलाचा डाग दुसऱ्या लेपाला फिका झाला. पूर्ण गेला नाही. जेवढा राहिला तेवढा मी राहू दिला आहे, आणि तिसरा लेप द्यायचा विचारही केला नाही, कारण आम्लाने सागाचा सोनेरीपणाही हळूहळू ओढला जातो.

खड्ड्या-खड्ड्यांचं पॉलिश हा अलीकडचा आजार. हात मारला की पॉलिश काही ठिकाणी मागे सरतं आणि मधे माशाच्या डोळ्यासारखे गोल रिकामे राहतात. कारण सिलिकोन. बाजारात फर्निचर चमकवायचे फवारे मिळतात, त्यांतल्या पुष्कळांत ते असतं. ते तड्यांतून, सांध्यांतून लाकडापर्यंत झिरपतं आणि त्यावर कुठलंही पॉलिश पसरायला तयार होत नाही. जाड हात मारून खड्डे बुजत नाहीत. थिनरने पुसायचं, प्रत्येक वेळी नवं कापड घेऊन, कारण तेच कापड फिरवलं की सिलिकोन फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं. नंतर लाखेचा एक पातळ हात. लाख सिलिकोनवरही बऱ्यापैकी धरते आणि त्याला खाली कोंडून ठेवते. वर पीयू मारायचं असेल तर मेण काढलेली लाख घ्यावी लागते, कारण साध्या चपड्यात पाचेक टक्के मेण असतं आणि त्यावर पीयू नीट चिकटत नाही.

धुळीचे कण, ब्रशच्या रेघा, ओघळ यांची लोक उगीच भीती घेतात. पूर्ण सुकू द्यावं, ३२० किंवा ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने हलक्या हाताने सपाट करावं, पुढचा हात द्यावा. झालं. रेघांमधली पांढरी भरणी त्याहून जास्त त्रास देते. पूर्वी रेषे बुजवायला खडूची पूड तेलात कालवून लांबी, म्हणजे पुट्टी, भरत. वर्षांनी तेल वाळून जातं आणि काळ्या लाकडाच्या रेषांत पांढऱ्या रेघा दिसू लागतात. तिथे बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, अगदी पातळ हात देऊन पुसून घेतला की खडू पुन्हा रंग धरतो. बेलतेलाची ती चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचं तेल वाळताना उष्णता निर्माण करतं आणि गोळा करून ठेवलेली चिंधी आपोआप पेटू शकते. दोरीवर पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी.

शिसवाला हात लावताना मी सर्वांत सावध असते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत कोरीव शिसवी सामानाची मोठी परंपरा उभी राहिली. पारशी आणि इंग्रज घरांतल्या त्या फुला-पानांनी भरलेल्या खुर्च्या, टेबलं आजही चोर बाजारात दिसतात. शिसवाच्या लाकडात रंग आणि तेल दोन्ही भरपूर. स्पिरिट लागलं की त्यातला जांभळट तपकिरी रंग सुटतो आणि शेजारी फिक्या लाकडाची किंवा हस्तिदंताची जडणी असेल तर तिच्यात शिरतो, मग निघत नाही. म्हणून आधी जडणीवर बारीक ब्रशने लाख लावून ती बंद करून घ्यायची, मग बाकीचं काम. तेलाचं व्हार्निश तर शिसवावर दिवसेंदिवस ओलंच राहतं, त्या लाकडातली द्रव्यं तेलाला वाळू देत नाहीत. इथेही आधी लाखेचा हात मधे घातला की अडचण सुटते. पूर्वीच्या कारागिरांनी शिसवाला लाखच निवडली, त्यामागे हा अनुभव असणार असं मला वाटतं.

मी पीयूच्या विरोधात नाही. रोज पाच माणसं जेवतात, मुलं गरम वाट्या ठेवतात, सांडलेला रस्सा तासाभराने पुसला जातो, अशा जेवणाच्या टेबलाला मी स्वतः पीयूच सुचवते. ते पाण्याला, उष्णतेला, सोड्याला दाद देत नाही. पण एकदा का त्याला खोल ओरखडा पडला किंवा कडेला पापुद्रा सुटला की त्या तेवढ्या जागी दुरुस्ती जमणं कठीण. पूर्ण पृष्ठभाग घासावा लागतो. घन लाकडाला असं किती वेळा घासायचं याला मर्यादा आहे, आणि वर पातळ सागाची व्हिनियर असेल तर ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते, एका घासण्यातच खालचा प्लाय दिसू लागतो. म्हणजे जे पॉलिश सर्वांत टिकाऊ म्हणून मारलं, त्याच्या दुरुस्तीसाठी लाकूड झिजतं. लाखेचं पॉलिश वरचेवर बिघडतं आणि लाकूड राहतं. माझ्या टेबलाच्या बाबतीत मला काय टिकवायचं आहे, हे माझ्यापुरतं स्पष्ट आहे. ज्या सागाची आज आलापल्लीच्या किंवा बल्लारशाच्या लाकूड डेपोत लिलावाने किंमत ठरते, तसा सरळ रेषांचा, जुन्या झाडाचा साग पुन्हा विकत घेणं माझ्यासारखीला शक्य नाही. त्याची एक दोन सूत जाडी यंत्राखाली उडवून द्यायला माझं मन धजत नाही.

चाचा आता काम करत नाहीत, हात थरथरतो. हाताखाली तयार झालेली दोन्ही मुलं पीयूची फवारणी करतात, कारण मागणी तिचीच आहे आणि दिवसात तिप्पट काम होतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बोळ्याने लाख चढवायला जो वेळ लागतो त्याची मजुरी द्यायला गिऱ्हाईक तयार नसेल तर कारागिराने काय करावं? पण ही कामं घरच्या माणसाला न जमण्यासारखी नाहीत. स्पिरिट, दोनशे ग्रॅम चपडा, जुनं सुती कापड आणि हात थांबू न देण्याची सवय. पांढऱ्या कड्यापासून सुरुवात करावी, टेबलाच्या खालच्या बाजूला हात बसवून घ्यावा आणि मग वर यावं.

या दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की कपाटाची दारं घ्यायची आहेत. डाव्या दाराच्या खालच्या फळीला तडे गेले आहेत, उजव्याला कुणीतरी कधीकाळी तपकिरी रंगाचा हात मारलेला दिसतो आणि तो काय आहे ते अजून कळलेलं नाही. परवा बिजागरीच्या आड स्पिरिटचा बोळा लावून पाहिला. डावीकडे कापूस तपकिरी झाला आणि बोट चिकटलं. उजवीकडे काही झालं नाही. उद्या थिनर लावून पाहीन.